देवघरातली फिल्म

माझ्या आत्याच्या अंगात देवी यायची. डोळे एका जागी थिजायचे, ती ओठ चाटायची आणि वेगळ्याच आवाजात दोन-चार शब्द बोलायची. मी लहान असतानाच आई वारली. तेरवीनंतरच्या मंगळवारी आत्याच्या तोंडून आवाज आला, "पोरी, जेवली काय वं?" हुबेहूब आईचा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग दर मंगळवारी तिच्यासमोर जाऊन बसू लागले.

पुढे कुणीतरी आग्रह केला म्हणून बाबांनी तिला अकोल्याला नेऊन डोक्याचा एमआरआय काढला. रिपोर्ट नॉर्मल आला. आजार नाही, म्हणजे देवीच! आमच्या अनसिंग गावाचा हिशेब सरळ. ती काळी फिल्म देवघरात लागली, तिला हळदकुंकू वाहिलं गेलं. नारळ घेऊन येणारे आधी तिच्याच पाया पडायचे. मशीनचं सर्टिफिकेट असलेली देवी पंचक्रोशीत आमच्याच घरी. आज हसू येतं, पण त्या फिल्मकडे पाठ करून झोपायची मला तेव्हा भीती वाटायची.

यंदा आत्या चुलीपुढे असतानाच देवी आली आणि तिचा हात विस्तवात गेला. ही कसली देवी, आपल्याच भक्ताला भाजते? मी भडकले आणि तिला पुन्हा अकोल्याला नेलं. आता तिथं जास्त ताकदीचं मशीन आहे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर कानशिलाच्या आतली एक आक्रसलेली, बारीकशी जागा दाखवली.

"जुना व्रण आहे. आधीच्या मशीनला इतकं बारीक दिसत नव्हतं. या फिट्स आहेत, गोळ्यांनी थांबतील."

आत्या पडद्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मंग इतके दिवस माह्या अंगातून कोन बोलून राह्यलं होतं?"

डॉक्टरीणबाई गोळ्या लिहून देऊ लागल्या.

घरी आल्यावर फिल्म तिनंच उतरवली. फिट्स थांबल्यात, हात भरत आलाय. नारळ घेऊन कुणी येत नाही. मला बरं वाटतं, खरंच वाटतं. पण घर फार शांत झालंय. मंगळवारी मी अजूनही कान देऊन बसते.

गोळी मीच देते. कधी हात अडतो.

"दे नं वं, कायले थांबली?" आत्या म्हणते.

आई पहिल्यांदा गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता रोज सकाळी तळहातावर ती पांढरी गोळी असते, आणि मी ती देते.