दौलतदादाचा पट आणि माझी ढोलकी

आमच्या पाखऱ्या बैलाला गाण्याचा नाद होता, आणि तो त्याला मी लावला.

कुणाला हसू आलं तर हसून घ्यावं. मीही ही गोष्ट पुष्कळ वर्षं हसत हसतच सांगत आलो, फक्त अर्धीच सांगत आलो. उरलेली अर्धी आता लिहितो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. (तिसरीत मास्तर म्हणाले ऊठ, मी म्हणालो नाही उठत. चूक मास्तरांची होती. पुढं शाळेचा आणि माझा संबंध राहिला नाही.)

आमचं गाव चिंचबोडी, चिमूरच्या पलीकडं, जंगलाला लागून. देशाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती, आमच्या गावाला अजून एस.टी. मिळायची होती. तेव्हा माणसाला दोनच वेडं लागायची. एक पट, म्हणजे बैलांची शर्यत. दुसरं दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक. त्यात राजा गडी, राणीही गडीच, आणि सगळ्यांना नाचवणारा ढोलकीवाला. थोरला भाऊ दौलतदादा पटाचा वेडा. मी दंडारीचा. एका घरात दोन वेडे निघाले म्हणून बाबा आमच्या आईला दोष द्यायचे.

त्या वेळी सीताराम ढोलक्या म्हणून एक वाजवणारा होता. मानेपर्यंत केस, आणि थाप पडली की ते केस असे उडायचे की समोरच्याच्या अंगावर काटा यायचा. त्याची दंडार ऐकायला मी एकदा दोन दिवस पायी चालत भद्रावतीपर्यंत गेलो. पोचलो तेव्हा दंडार आटोपली होती. सीताराम झाडाखाली झोपला होता. मी तो झोपलेला पाहिला आणि दोन दिवस चालत परत आलो. गावात सांगितलं की दंडार फार छान झाली.

मग मी त्याच्यासारखे केस वाढवले. बाबांनी एक दिवस जेवताना माझ्याकडं निरखून पाहिलं.

"आपल्या घरी एक सून आली हाय," ते म्हणाले. "हे दुसरी कवा आली?"

दुसऱ्या दिवशी न्हावी घरी. आणि हुकूमही सुटला की या घरात ढोलकी येणार नाही. आता हुकूम ढोलकीचा होता, रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा नव्हता. रोज दिवस मावळायच्या आधी कोठ्यात बैलांना ढेप, म्हणजे सरकीची पेंड, घालायचं काम माझं. एका हातानं पाखऱ्याला ढेप चारायची, दुसऱ्या हातानं डबा वाजवायचा. ढवळ्या, म्हणजे जोडीतला दुसरा बैल, लक्ष द्यायचा नाही. पाखऱ्याचे कान उभे. महिन्याभरात असं झालं की ढेप नसली तरी थाप ऐकून तो जवळ यायचा आणि माझ्या मांडीत तोंड घालून उभा राहायचा. पुढं पुढं मी जंगलाच्या तोंडाशी बसून डबा वाजवावा आणि मोहाच्या झाडांतून पाखऱ्यानं एकटंच कळप सोडून यावं.

गुराखी म्हणायचा, "किसनाभाऊ, मंतर गिंतर शिकला का गा?"

मी उत्तर द्यायचो नाही. मंत्र येतो असं लोकांना वाटत असलं तर आपण कशाला मोडता घालायचा.

दादाला यातलं काही सांगितलं नाही. पाखऱ्या-ढवळ्या ही त्याची पटाची जोडी होती. पटाच्या बैलानं कशासाठीही थांबायचं नसतं. दादानं त्यांना आरडाओरड्याची सवय केली, शिट्यांची केली, अंगाजवळ फटाके उडवून त्यांचीही केली. ती जोडी कशालाच भ्यायची नाही. बैलाला एखादी गोष्ट आवडली तर काय करायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता पट भरायचा कोसमटोल्याला, आणि कोसमटोला दादाची सासरवाडी. वहिनीचा भाऊ मारोती तिथला नामी धुरकरी, म्हणजे पटात जोडी हाकणारा. सलग तीन वर्षं त्याची जोडी पुढं आणि आमची मागं. चौथ्या वर्षी आम्ही पोचलो तर हा गडी रस्त्यातच उभा.

"या जावई. यंदा बी मांगूनच येसान का?"

"पायजो तू," दादा म्हणाला.

"नाई, मी आपला जेवणाचं इचारून राह्यलो. धूळ लय खाता तुमी, पोटात जागा रायते का नाई?"

सगळे हसले. वहिनी रेंगीतून, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीतून, उतरत होती, तिनंही पदरात हसून घेतलं. दादा हसला नाही. निघताना बाबांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "यंदा हरला तं जोडी नांगराले जाईन. पट बंद. मले पुन्हा इचारू नको." दादा चोवीस वर्षांचा. मला आठवतं तसं त्यानं जन्मात एवढी एकच गोष्ट मागितली होती: एकदा, सासरच्या माणसांसमोर, मारोतीच्या पुढं निघायचं.

त्यानं मला बाजूला घेतलं. "किसना, तू दानाच्या टोकाले उभा राय. जोडी आली का पाखऱ्याले धर. घरच्या माणसाच्या हाताले तो लवकर थंडा होते. हलू नको तिथून."

"नाई हलत."

"दंडारवाले आले हायेत."

"दिसले मले. नाई हलत मनलं ना."

दान म्हणजे जोड्या पळवायची वाट. शेतातून दोन वाटा सरळ आखलेल्या, एकीवर एक जोडी, दुसरीवर दुसरी. मी टोकाला जाऊन उभा राहिलो. बराच वेळ राहिलो. पण दानाच्या टोकापासून पन्नास पावलांवर मोहाचं झाड होतं, आणि त्याखाली दिवसाउजेडी सीतारामची दंडार रंगात आली होती. पन्नास पावलं म्हणजे काही हलणं नव्हे. मी पुढं जाऊन बसलो. (माझे केस तोवर पुन्हा मानेपर्यंत आले होते.) थाप पडली की माझी मान हले, केस उडत. सीतारामला ते दिसलं.

गाणं थांबलं तसं त्यानं विचारलं, "का गा, वाजवता येते का?"

"येते."

"कशावर शिकला?"

"डब्यावर."

राजा हसला, राणी हसली. सीताराम हसला नाही. त्यानं ढोलकी सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "धर. मी पान खाऊन येतो. एक गोष्ट ध्यानात ठेव, काईबी झालं तरी थाप सोडजो नको. वाजवणारा थांबला का नाचणाऱ्याचा पाय अधांतरी रायते."

वाचणाऱ्या माणसा, मी त्या दिवशी जे वाजवलं ते मला पुन्हा कधी आलं नाही. डबा कुठं, ढोलकी कुठं. राणी गिरक्या घेत होती, माणसं पट सोडून इकडं यायला लागली होती, कुणीतरी म्हणालं, "कोन हाय गा हा?" आणि दुसरा म्हणाला, "चिंचबोडीचा." माझ्यामुळं माझ्या गावाचं नाव निघालं, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं.

आणि तिकडं जोड्या सुटल्या.

गलका झाला म्हणून मी मान वर केली. दादाची जोडी पुढं होती. चांगली बैलाच्या अंगाइतकी पुढं. दादा छकड्यावर वाकलेला, आणि एवढ्या लांबूनही त्याचे दात दिसत होते. वहिनी माहेरच्या बायकांत बसलेली. नवऱ्यासाठी ओरडावं की भावासाठी, हे न कळून तिनं पदर तोंडात कोंबला होता. दान संपायला शंभर-सव्वाशे पावलं राहिली असतील. तेव्हा पाखऱ्याचा डावा कान माझ्याकडं वळला.

मला तो दिसला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कान वळलेला दिसला, त्याचा अर्थ कळला, आणि हात थांबवायला वेळही होता. मी स्वतःला म्हणालो, एवढं एक आवर्तन पुरं होऊ दे. सीताराम पानाच्या दुकानापाशी उभा राहून ऐकत होता ना.

आवर्तन पुरं झालं नाही. पाखऱ्या दान सोडून वळला. ढवळ्याला काही कळलं नाही, पण जुवाला बांधलेल्याला कळून काय करायचं, तोही वळला. छकड्याचं चाक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढलं, छकडा उताणा झाला आणि दादा उडून पडला. मग शेवचिवड्याचं दुकान गेलं. मग दंडारीचा मांडव गेला. राणी लुगडं खोचून मोहाच्या झाडावर चढायला धावली, तर राजा तिच्या आधी वर जाऊन बसला होता. धूळ खाली बसली तेव्हा मांडवाची एक बल्ली गळ्यात अडकवून पाखऱ्या माझ्यासमोर उभा होता. त्यानं तोंड माझ्या मांडीत घातलं आणि ढोलकीच्या बाजूनं ढेप हुंगायला लागला.

मी अजून वाजवतच होतो.

सीताराम आला. तोंडातलं पान तसंच. "आता सोड, बाप्पा," तो म्हणाला.

माणसं म्हणाली, गर्दीत बैल बुजला असंल. पण पाहा, घरचा माणूस दिसताच कसा येऊन उभा राहिला! बैलाला माणसाची ओळख असते ती अशी. दोघा-तिघांनी माझी पाठ थोपटली. मी मान हलवली. धुळीत पडलेला दादा माझ्याकडं पाहत होता.

मांडीचं हाड मोडलं होतं. बाजेवर घालून त्याला जंगलातल्या गोंडगावात हाड बसवणाऱ्या वैदूकडं नेलं. बाजेचा एक खूर मारोतीनं धरला होता. वाटभर तो एकच बोलत होता, "जावई, जितत होते तुमी. माया आईची आन, जितत होते." बांबूच्या कामट्यांत दीड महिना पाय बांधला. जुळला, पण आखूड जुळला. दादा पुन्हा छकड्यावर चढला नाही.

गावात निकाल लागला तो असा: दौलतचा कासरा ढिला पडला. पारावर हे माझ्यासमोर बोललं जायचं. "हातात जोर पायजे ना गा. जोडी चांगली होती, माणूस कच्चा." मी विडी ओढत ऐकायचो. मारोतीही जावयाच्या बाजूनं काही बोलेनासा झाला. वहिनीला माहेरी दिवाळीला कुणी छेडलं तर ती उठून आत जायची. आज सांगू, उद्या सांगू म्हणता पोरंबाळं झाली. एकदा उशीर झाला की गोष्ट खरी सांगायला माणसाला आणखी मोठं कारण लागतं, आणि तसलं कारण काही गावात येत नव्हतं. एस.टी. आली.

पाखऱ्या नांगराला लागला. लांबून कुठून लग्नाची वाजंत्री ऐकू आली की नांगराच्या तासातच थांबायचा, मान वळवून माझ्याकडं पाहायचा. मी दुसरीकडं पाहायचो.

मागच्या थंडीत दादा खाटेला खिळला. मी ठरवलं की आता बस. पांढरं धोतर नेसलो, घरातल्या घरात दोनदा बोलून पाहिलं आणि गेलो. वहिनीनं पाणी दिलं आणि ती अंगणात शेंगा निवडायला बसली. मी सुरुवात केली, "दादा, तो पाखऱ्या..."

"डबा," दादा म्हणाला.

"काय?"

"डबा वाजवून तू त्याले ढेप चारस. मी कोठ्याच्या मांगून आयकत होतो."

"तुले माईत होतं? मंग बोलला काऊन नाई? लोक तुले कच्चा मनत होते."

"तू सांगशील मनून वाट पाहून राह्यलो होतो."

"एवढी वर्षं?"

"मले कोठी जाची घाई होती का? पाय तं तसाबी चालत नव्हता." तो हसला, मग खोकला. मग माझा हात धरून म्हणाला, "डब्याचं जाऊ दे. तुले दंडारीचं येड होतं, मले पटाचं होतं. एकच सांग. आमी येऊन राह्यलो होतो, तवा तू पायलं होतं का आमाले?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. त्याच्यासाठीच तर धोतर बदलून आलो होतो. पण बाहेर वहिनीचा शेंगा निवडायचा आवाज थांबला होता, आणि माझ्या तोंडातून निघालं ते असं: "कासरा तुह्या हातात होता."

दादानं हात सोडला. "होता," तो म्हणाला. "मंग?"

"मंग काय मंग. पटाच्या बैलाले एवढी ओढ लागेपर्यंत धुरकरी काय करून राह्यला होता?"

"तू टोकाले उभा रायतो मनला होता."

"पन्नास पावलं म्हंजे काई हलणं होय का?"

"वाकडाच राह्यला तू, किसना."

"आखूड पायाच्या माणसानं मले वाकडा मनू नये," मी म्हणालो, आणि उठून चालू लागलो. मागून वहिनी म्हणाली, "भाऊजी, चहा ठेवला होता." मी थांबलो नाही. घरी पोचेपर्यंत मला पक्कं वाटत होतं की मी जिंकलो.

चौथ्या दिवशी दादा गेला.

तेव्हा जी गोष्ट एका अक्षरात सांगून होत होती, ती आता एवढी पानं भरून लिहिली आहे. पाहिलं होतं, दादा. वाचणाऱ्यानं हवं तर हसावं. माफी मागायला जाऊन भांडून परत आलेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा निघाला, तर त्याला माझ्याकडं पाठवा. त्यालाही मी सांगीन की चूक त्याची होती.