९९९१ची थप्पी

चिंधूनं आणि मी समुद्रपूरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी रचत उमर काढली. थप्पीच्या सगळ्या ओळी सारख्या हव्यात, एकही गाठ उरू नये, हा त्याचा हट्ट. काम सुटल्यावर तो दहावीला बसला आणि गणितात नापास झाला. पुन्हा बसायचं की पुस्तकं बांधून ठेवायची, हे ठरत नव्हतं.

परवा त्याच्या नातीनं, मेघानं, ९९९१ ही मूळ संख्या आहे का ते विचारलं. मूळ म्हणजे एकाच लांब ओळीखेरीज सारखी रचता न येणारी, असं चिंधूनं मला समजावलं. मग दोन, तीन, पाच, सात असं एकेका मूळ संख्येनं तो भागत गेला. दर वेळी काहीतरी उरायचं. एकोणनव्वदनंतर त्यानं पेन खाली ठेवला.

"मूळच आहे हे. थप्पी लागूनच नाई राह्यली."

"आबाजी, शंभराच्या आत अजून एक राह्यली," मेघा म्हणाली. "शंभर गुणिले शंभर दहा हजार होते, अन् ९९९१ त्याच्या आतच हाय. मंग पुढं पाहाचं कामच नाई."

"शेवटची ओळ सोडून कधी घरी गेलता का बे?" मी विचारलं.

त्यानं सत्त्याण्णवनं भागलं. एकशेतीन आले. बाकी शून्य.

चिंधूनं कागद उलटला.

"दुसरं दे," तो मेघाला म्हणाला. "अन् परीक्षेचा फॉर्म कधी निघते, ते पाहून ठेवजो."