मंगलाने न केलेली चूक

हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. अब्बांच्या शेवटच्या आजारपणात रोज त्यांच्या पायाशी बसायचो, तेव्हाही नाही. एक-दोनदा जिभेवर आलं होतं, आणि मी काहीतरी भलतंच बोलून उठून गेलो. आज तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं. एवढं तरी खरं बोलतो.

माझं नाव असलम. दोन हजार सालाच्या आगेमागे चंद्रपुरात, गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे अब्बांच्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानाचा अर्धा भाग, मध्ये प्लायवूडचा पडदा. तयार कंपनीचा कॉम्प्युटर आमच्याकडे सरकारी ऑफिसं घेत. बाकी लोक माझ्यासारख्याकडे येत. मी नागपूरला जाऊन सुटे भाग आणायचो आणि मशीन जोडून द्यायचो.

आणि मला त्यात एक नाद होता. वाईट म्हणावा असा नाही. निदान सुरुवातीला नव्हता. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसर ज्या वेगाने चालावा म्हणून कंपनीने बनवलेला असतो, त्याहून थोडा जास्त वेगाने त्याला चालवायचं. फार नाही, थोडंच. मासिकांत वाचून, इंटरनेट कॅफेत बसून मी ते शिकलो होतो. माझं स्वतःचं मशीन तसंच चालायचं आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. चंद्रपुरात दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. ही गोष्ट मला किती गोड वाटायची, हे आज सांगतानाही लाज वाटते.

चामोर्शीचे गजाननभाऊ माझ्याकडे आले ते याच बोलबाल्यावरून. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाचं व्हिडिओ शूटिंगही करत. तोवर कॅसेटी नागपूरला पाठवून एडिटिंग करून आणायचे. आता त्यांना ते घरीच करायचं होतं.

"असलमभाऊ, मले लई भारी नको," ते म्हणाले, "पण सीझनमधी बंद नाई पडली पाह्यजे. लग्न काही दुसऱ्यांदा होत नाई."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर बसून म्हटलं होतं. मी ऐकलं होतं.

मग मी भाग निवडायला बसलो. काय सांगू तुम्हाला, ते दिवस मी फार सुखात काढले. प्रोसेसर मुद्दाम खालच्या दर्जाचा घेतला, कारण तोच जास्त ताणता येतो असं वाचलं होतं. मदरबोर्ड असा, की ज्यात बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या रस्त्याचा, वेग हाताने वाढवता येईल. रॅम चांगल्यातली. प्रोसेसरवर बसवायला उष्णता ओढून घेणारा तांब्याचा जाड हीटसिंक आणि मोठा पंखा, त्यासाठी नागपूरला सीताबर्डीतल्या दुकानांमध्ये एक पूर्ण दिवस फिरलो. कॅबिनेट उंच, मागे हवा बाहेर फेकायला आणखी एक पंखा. पैशात मी त्यांना फसवलं नाही. उलट वाचवलेच. पण त्यांना विचारलंही नाही. स्वस्त प्रोसेसरला महागाचा वेग मिळवून देणार, आणि चामोर्शीच्या एका स्टुडिओत नागपूरच्या तोडीचं मशीन उभं करणार, हे माझं मी ठरवलं. ते मशीन गजाननभाऊंसाठी होतं की माझ्यासाठी?

एक गोष्ट मला माहीत होती. ती इथे नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. त्या जातीच्या बोर्डावर बसचा वेग वाढवला की एकटा प्रोसेसर वेगात पळत नाही. हार्डडिस्ककडे जाणारा रस्ताही त्याच्यासोबत ताणला जातो. बहुतेक वेळा चालून जातं. नाही चाललं तर मशीन बंद पडत नाही—तसं झालं असतं तर बरं—डिस्कवर लिहिलं जाणारं हळूहळू, कोणाला न कळता बिघडत जातं. गरमीत जास्त. आणि आमच्याकडची गरमी काय असते ते काय सांगायचं.

मी मशीन थंडीत तपासलं. रात्रंदिवस चालवलं, एकदाही अडकलं नाही. चामोर्शीला नेऊन बसवलं. स्टुडिओवर टिनाचं छप्पर होतं. ते मी पाहिलं.

त्या मशीनवर बसणार होती मंगला, गजाननभाऊंची धाकटी बहीण. लग्न करून मूल तालुक्यातल्या एका खेड्यात दिली होती. नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून माहेरी परत आली होती. घरात कोणी तिला जा म्हणत नव्हतं, राहा असंही म्हणत नव्हतं. गजाननभाऊंनी तिला मशीनवर बसवलं ते दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मी दोन दिवस राहून तिला शिकवलं. कॅसेटवरून चित्र आत कसं घ्यायचं, कापायचं कसं, जोडायचं कसं. ती प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारायची आणि एकदा कळली की तिसऱ्यांदा विचारायची नाही. महिन्याभरात तिने पहिलं लग्न एडिट केलं. गजाननभाऊ फोनवर मला म्हणाले, "आता घरात सारे तिचं आयकतेत." म्हणजे तिच्या शब्दाला आता किंमत आहे.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. "भाऊ, चित्रात मधामधात हिरवे चौकोन येऊन राह्यले. काल केलेलं काम आज उघडलं तर बिघडलेलं दिसते. मी तर हातही नाई लावला."

मला त्या क्षणी कळलं. अंदाज आला असं नाही म्हणत—कळलं. उपाय साधा होता. चामोर्शीला जायचं, वेग मूळ आकड्यावर आणायचा. पण मग मशीन मंद झालं असतं. गजाननभाऊंनी विचारलं असतं, काऊन मंद झालं? मग सांगावं लागलं असतं. चंद्रपुरातल्या एकट्या जाणकाराने हे सांगायचं?

मी म्हटलं, "कॅसेट खराब असन. कॅमेऱ्याचं हेड साफ करा."

तिने केलं. मी सांगितलेलं ती करायचीच.

त्याच एप्रिलात जवळच्या एका गावातलं लग्न स्टुडिओने शूट केलं होतं. नवरीचा भाऊ संजय पोलिसात होता, भामरागडकडे पोस्टिंग. बहिणीच्या लग्नाला सुट्टी काढून आला होता आणि वरातीत म्हणे दमेपर्यंत नाचला. सीझनची घाई म्हणून मंगलाने शूटिंग मशीनमध्ये उतरवून ठेवलं, एडिटिंग नंतर करायचं होतं. तीच कॅसेट गजाननभाऊंनी नेहमीप्रमाणे पुढच्या लग्नाला वापरली, म्हणजे ते लग्न आता फक्त मशीनमध्येच होतं.

मे महिन्यात भूसुरुंगाच्या स्फोटात संजय गेला.

घरच्यांना आणून दिलं ते झाकूनच. तोंड पाहू दिलं नाही. तेरवी झाल्यावर त्याची आई स्टुडिओत आली. मुलीच्या लग्नाची कॅसेट मागायला नाही. मुलगा नाचताना पाहायला.

मंगलाने मशीन लावलं. फाईल उघडेना.

गजाननभाऊंचा फोन आला तेव्हा मी पहिल्या एसटीने निघालो. वाटेत काय विचार करत होतो? खरं सांगू? संजयचा नाही, त्याच्या आईचाही नाही. मशीनजवळ मला थोडा वेळ एकट्याला मिळेल की नाही, एवढाच.

मिळाला. मी सगळ्यांना म्हटलं, गरमी होते, बाहेर बसा. आधी वेग मूळ आकड्यावर आणून ठेवला. आधी ते. फाईल वाचवण्याचा प्रयत्न त्याच्यानंतर केला. एक तुकडा उघडला. मांडव दिसला, पंगत वाढणारे दिसले, कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला, आणि पुढे सगळे हिरवे चौकोन. वरात नव्हती. संजय कुठेच नव्हता.

बाहेर आलो. बाकावर त्याची आई बसली होती, डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही. गजाननभाऊ उभे. त्यांची बायको दारात. मंगला भिंतीला टेकून. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

आणि मी म्हणालो, "चालू मशीनचा स्विच मधातच बंद केला असन कोणी. डिस्क तशानंच खराब होते."

मी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? त्या मशीनला हात लावणारी एकच बाई होती.

"मी नाई केलं भाऊ," मंगला म्हणाली. गजाननभाऊंना नाही, मला म्हणाली. तिला वाटत होतं मी खरं ओळखीन. शिकवणारा मीच होतो.

"मशीन काही खोटं नाई बोलत," मी म्हटलं.

कोणी ओरडलं नाही. गजाननभाऊंनी भिंतीवरचा संजयचा एक फोटो उतरवला, लग्नातलाच होता, मोठा करून देतो म्हणाले. म्हाताऱ्या बाईने तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"फोटोत तो हालत नाई ना," ती म्हणाली, आणि फोटो परत देऊन निघून गेली.

मंगलाला मशीनवरून उठवलं. तिच्या जागी वहिनीचा भाऊ बसू लागला. आणि मशीन—ते मशीन त्यानंतर कधी बिघडलं नाही. का बिघडेल? वेग मीच उतरवला होता. थोडं मंद झालं हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणजे ज्या वेगासाठी मी हे सगळं केलं, तो कोणाला दिसतही नव्हता. सगळ्यांना दिसलं ते एवढंच, की मंगला उठली आणि मशीन सुधारलं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? गजाननभाऊ मला कौतुकाने म्हणाले, "तुम्ही बरोबर वळखलं." मी चहा पीत होतो. मी मान हलवली.

चामोर्शीत लोक तिला बोलू लागले. शहीद पोराची शेवटची निशाणी हिने घालवली, असं. गिऱ्हाईक स्टुडिओत आलं तर तिला आत जायला सांगत. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा नवरा न्यायला आला आणि घरच्यांनी पाठवून दिलं. हे मला गजाननभाऊंनीच सांगितलं, सहज, बोलता बोलता. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. फोन माझ्या हातात होता.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. माणूस घाबरतो, तोंडातून निघून जातं. मी स्वतःला कित्येक वर्षं हेच सांगत आलो. म्हणून पुढचंही सांगतो. ते तोंडातून निघून गेलेलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी ती मला मूलच्या बसस्टँडवर भेटली. दुपारची वेळ, मी एका शाळेचे कॉम्प्युटर पाहून परतत होतो. "असलमभाऊ ना?" म्हणून तिनेच हाक मारली. मी तिला ओळखलं नसतं. वाळली होती. डावा हात कोपरात नीट सरळ होत नव्हता. तो तसा कशाने झाला, मी विचारलं नाही.

तिने माझ्या अब्बांची चौकशी केली. मग म्हणाली, "एक इचारू काय भाऊ? तेव्हा माझं नेमकं काय चुकलं होतं? मले आठवते तसं मी तर सारं बरोबरच करत होती. मंग डोक्यात येते, चुकलंच असन काहीतरी. पण काय, ते समजत नाई."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती, शिकताना विचारायची तशी. आसपास ओळखीचं कोणी नव्हतं. माझं दुकान आता नीट चालत होतं, गजाननभाऊंनी केव्हाच नवीन मशीन घेतलं होतं. माझं काहीही जाणार नव्हतं. तिला एक वाक्य हवं होतं—तुझं काही चुकलं नव्हतं.

मी तिला तिची चूक समजावून सांगितली.

सविस्तर सांगितली. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाल दिवा लुकलुकत असतो, तो थांबायच्या आत बंद केलं की असं होतं, तुला वाटलं असेल काम संपलं, पण आत चालूच असेल. बाकावर बोटाने काढून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती, मान हलवत होती.

"हो," ती म्हणाली, "तसंच झालं असन. घाई राहे ना तेव्हा." मग म्हणाली, "बरं झालं सांगतलं भाऊ. एवढ्या दिवसाचं डोक्यात होतं."

तिची गाडी लागली. उजव्या हाताने दांडा धरून ती चढली, आणि खिडकीतून माझ्याकडे पाहून हसली.

मंगलाने ते मशीन कधीच चुकीचं बंद केलं नव्हतं.