आबांच्या नावाने कोण खेळतंय?

गेल्या आठवड्यात दुपारी जेवून ओट्यावर बसलो होतो, आमच्या पाचोऱ्याच्या घरी. मोबाईल वाजला... धुळ्याचे आबा लुडोवर ऑनलाइन आले होते आणि मला डावाला बोलावत होते.

जीव भांड्यात पडला. हा माणूस बरेच दिवस गायब होता. आमची ओळख गेममधलीच, माईक चालू ठेवून खेळता खेळता गप्पा. ना कधी भेटलो, ना नंबर घेतला. ते मला नाना म्हणायचे, मी त्यांना आबा. रोज तर भेटतो, नंबर कशाला, असंच वाटायचं दोघांना.

पण डाव सुरू झाला आणि मनात पाल चुकचुकली. आबा खेळायचे ते चारही सोंगट्या बाहेर काढून, सगळ्या रस्त्यावर पसरून. हा समोरचा एकच सोंगटी पुढे ढकलत होता. आणि तोंडातून अवाक्षर नाही! आबा आणि गप्प? फासा पडायच्या आधी ज्यांची बडबड सुरू व्हायची ते?

मी माझा माईक बंदच ठेवला. म्हटलं, आधी कळू दे कोण आहे ते.

दुसऱ्या दिवशी तेच. शिवाय चॅटमध्ये मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी... "पुस्तक द्यायचं आहे. पत्ता पाठवा."

सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "नाना, हा फ्रॉड आहे. आधी पत्ता मागतील, मग पार्सल आलंय म्हणून फोन येईल, मग ओटीपी. तुम्ही ब्लॉक करा बरं!"

मी ब्लॉक करणारच होतो. पण त्या एका शब्दावर बोट अडलं... पुस्तक.

त्याचं असं आहे. शाळेत असताना मी वाचनालयातून एक कादंबरी वाचली होती, एका नावाड्याची. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. पुरात तो माणसं वाचवायला नाव घेऊन जातो आणि बहीण काठावर वाट बघत बसते, एवढंच डोक्यात राहिलेलं. बोलता बोलता कळलं की आबांनीही ती लहानपणी वाचलीय. झालं, तेव्हापासून रोजचं भांडण. मी म्हणायचो, शेवटी नावाडी परत येतो. आबा म्हणायचे, "नाना, तुम्ही अर्धंच वाचलं आणि पुस्तक परत करून आले!"

हे सगळं आम्ही तोंडी बोललो होतो, चॅटमध्ये एक अक्षर नाही. मग या चोराला पुस्तकाचं कसं ठाऊक?

तिसऱ्या दिवशी माईक चालू केला आणि सरळ दरडावलं, "कोण बोलतंय? आबांचा मोबाईल तुझ्याकडे कसा आला?"

शांतता. मी पुन्हा म्हणालो, "अरे, तोंड आहे ना? मग बोल की!"

मग खट्ट आवाज झाला, मागून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि एका बाईचा रडवेला, रागावलेला आवाज...

"नाना, मी इतलं बठ्ठं सांगं तुमले, तुम्ही हूं का चूं नहीत करं! त्या गयात ना नाना... आबा गयात."

आबांची बायको होती ती. आबा वारले होते. माझा नंबर नाही, गाव तेवढं माहीत. मला कळवायचं कसं, तर गेममध्ये गाठून, म्हणून ती शेजारणीकडून लुडो शिकली. दोन दिवस खेळता खेळता मला सगळं सांगत होती... आजारपण, दवाखाना, शेवटचा दिवस. फक्त तिचा माईक बंद होता. आणि तिला वाटत होतं, काय दगडाचा माणूस आहे हा!

तरी माझ्या मनातली शंका जाईना. विचारलं, "वहिनी, तो नावाडी परत येतो का?"

"ते सांगायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी मला! रद्दीवाल्याकडे सापडलं ते पुस्तक. म्हणायचे, नानाला समोर बसवून वाचायला लावीन. तुमच्या त्या नावाड्यापायी माझ्या किती भाकरी तव्यावर जळल्या, नाना..."

तरीही पत्ता दिला नाही. म्हटलं, तुमचा पत्ता सांगा, मीच येतो. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला गेलो. सुनेने दर स्टेशनला फोन केला.

दारात वहिनी उभ्या होत्या. "जय भीम, नाना." मी आत गेलो. भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी हार घातलेला फोटो. जाड मिश्या, हसरे डोळे... आबांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो असा. किती वेळ बघत राहिलो, कोण जाणे.

परतीच्या गाडीत पुस्तक वाचून काढलं. नावाडी परत येत नाही. बहीण वल्ही हातात घेते आणि पुढे तीच लोकांना पैलतीरी नेते.

मग माझ्या आठवणीत तो परत कसा आला? लहान होतो, त्याचं जाणं सोसलं नसेल. मीच आणला असेन त्याला काठावर.

आबा, तुमचं खरं होतं. आणि वहिनी, एवढ्या दुःखात, न पाहिलेल्या माणसाला बातमी कळावी म्हणून तुम्ही फासा टाकायला शिकलात... मी तुम्हाला चोर समजत होतो, आणि तुम्ही मला घरचा माणूस समजत होता.