भिंतीतला पिंपळ

मागच्या बाल्कनीत, पाइपाजवळच्या भेगेत पिंपळाचं वीतभर रोप उगवलं. भिंतीला ओल आली तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. पिंपळ आपल्या हातानं उपटू नये, असं आई सांगायची. म्हणून दुसऱ्याचा हात.

त्यानं चप्पल काढली, रोपाला नमस्कार केला आणि विचारलं, "ताई, मुळं आत गेलीत. ॲसिड ओतावं लागेल. ओतू?"

मी नुसती मान हलवली. तोंडानं 'हो' म्हणवेना. मूठभर मातीही नसताना जो इतक्या हट्टानं जगतो, त्याला आपण पारावर प्रदक्षिणा घालतो आणि घराच्या भिंतीत आला की घाबरतो.

आज त्याच भेगेत दोन तांबूस पानं दिसली. इतका आनंद झाला, की हात आपोआप जोडले गेले. मग त्याच हातांनी मी प्लंबरला फोन लावला.