दोन कामट्या आणि पल्लवीचा डबा

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या घरातून देव-भुतं सासऱ्यांच्या काळातच गेली. त्यांनी धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या आणि आम्हा सगळ्यांकडून करून घेतल्या. श्राद्ध नाही, कावळ्याला पान नाही. आमचे हे गेले तेव्हाही काही केलं नाही. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

सावर्ड्यापासून आत, रिक्षाने वीस मिनिटांवर आमचं चिऱ्याचं घर. घरात मी आणि सून पल्लवी. मुलगा निखिल मुंबईला नोकरीत. पल्लवी नागपूरची. ती एका कंपनीसाठी घरी बसून कॉम्प्युटरवरचे गेम तपासते — म्हणजे दिवसभर खेळायचं आणि कुठे अडतंय ते लिहून कळवायचं. असंही काम असतं, मला माहीत नव्हतं. संध्याकाळी ती आणि निखिल मिळून खेळतात, ती इथून, तो तिथून. मी बाजूला कुळीथ निवडत बसते आणि दोघांची भांडणं ऐकते.

तिचा कॉम्प्युटर बुटांच्या खोक्याहून जरासा मोठा. आम्ही त्याला डबाच म्हणतो. एवढ्याशा डब्यात सगळी यंत्रं कोंबलेली, आणि आमच्याकडचा मे महिना. डबा तापायचा, पंखे किंचाळायचे, स्क्रीनच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत जायचा आणि पंच्याण्णवला पोचला की डबा बंद. केलेलं काम गेलं.

पल्लवीने काय काय नाही केलं. प्रोसेसरवरची पेस्ट बदलली, जाळीतली लाल धूळ ब्रशने काढली, चांगले पंखे मागवून बसवले. एकदा बघते तर वंदनेची अगरबत्ती घेऊन डब्यासमोर बसलेली.

"काय गो, आता ह्याची पण पूजा?"

"पूजा नाही हो आई, हवा कुठून जाते ते पाहून राहिली. धूर खालून आत ओढायला पाहिजे... हा तर ओढतच नाही."

मी सवयीने डब्याला उलटा हात लावला. आमचे हे तीसेक वर्षं दुसऱ्यांच्या बागांत आंब्याच्या पेट्या भरायचे. पेटीला असाच उलटा हात लावून म्हणायचे, "कोंडलीय ही." मी म्हटलं, "कोंडलाय गो तुझा डबा."

"कोंडला ते मलाही कळते. उपाय सांगा."



शेवटी कंपनीने कळवलं, काम वेळेत येत नाही. निखिलच्या मुंबईच्या खोलीत एसी आहे. पल्लवी म्हणाली, "आई, मी तिकडेच जाते आता. तुम्ही पण चला." त्या खोलीत तिसरं माणूस झोपणार कुठे, हे तिलाही माहीत होतं, मलाही. मी म्हटलं, "जा गो. माझं काय, मी राहीन." आणि निवडलेले कुळीथ परत निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी सावर्ड्याला गेलो. तिचं मुंबईचं तिकीट काढायचं होतं आणि माझी गुडघ्याची गोळी आणायची होती. डब्यावर कसलीतरी मोठी तपासणी चालू ठेवून ती म्हणाली, "आपण रस्त्यावर पोचू तोवर बंद पडते, पाहा." दाराला कुलूप, किल्ली माझ्या बटव्यात. खिडकीला गज.

चारला परत आलो. पंख्यांचा आवाज नाही, मला वाटलं पडला बंद. पल्लवी आत गेली आणि तिथूनच हाक — "आई, हे तुम्ही केलं?"

डबा चालू होता. आकडा एकाहत्तर. भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेला, खिडकीकडे जरा तिरका केलेला. आणि खाली, दोन कडांना, दोन कामट्या. बांबूच्या, जुन्या, कडा तासून गुळगुळीत केलेल्या.

मी वाकून एका कामटीच्या कडेवरून बोट फिरवलं. पेट्यांची थप्पी लावताना हे प्रत्येक पेटीखाली अशाच दोन कामट्या ठेवायचे. खालून वारा गेला पाहिजे, म्हणायचे. कोणाच्या हातात कूस जाऊ नये म्हणून कोयत्याने कडा तासायचे. तीस वर्षं बघितलेलं, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि पल्लवीने तर ह्यांना बघितलंही नाही, लग्नाच्या आदल्या वर्षीच हे गेले.

आणखी एक. डब्याच्या वरच्या जाळीत भाताच्या पेंढ्याची एक काडी खोचलेली होती आणि ती थरथरत होती. वारा खेळतोय का ते बघायला हे पेटीच्या फटीत अशीच काडी धरायचे. आमच्याकडे गुरं नाहीत, भात लावून किती वर्षं झाली. घरात पेंढा येणार कुठून?

पल्लवीला वाटलं मी केलं, मला वाटलं तिने. पण दोघी एकत्रच गेलो होतो, एकत्रच आलो. निखिल फोनवर म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून मला बनवताय." माळ्यावर ह्यांची कामट्यांची जुडी आहे. शेजारून शिडी आणून पल्लवी वर चढली. जुडी जागेवर, सुंभाची गाठ तशीच, वर धूळ. "आई, ह्यातल्या दोन कमी आहेत का?" मी कधी मोजल्या होत्या?

तिकीट काढलेलं होतं म्हणून ती गेली, पण डबा इथेच ठेवून. चार दिवस नवऱ्याकडे राहिली आणि आली परत. डबा त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.

पल्लवी म्हणते, गार कसा झाला ते कळतं — खालून हवेला वाट मिळाली आणि भिंतीवर आपटून गरम हवा परत आत शिरत होती, ती थांबली. पटतं मला. पण ठेवलं कोणी, ते तिला सांगता येत नाही. प्रतिज्ञा घेतलेली बाई मी, "हेच आले" असं माझ्या तोंडून निघायचं नाही... आणि दुसरं काही सुचतही नाही.

दर महिन्याला ती डबा साफ करते. आधी ती काडी काढून वाटीत ठेवते, धूळ काढते आणि काडी होती तिथे परत खोचते. का, ते मी विचारत नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणाला खुलासा सुचला तर कळवा, पल्लवी वाट बघतेय. मला काही घाई नाही.