द्यायचे राहिलेले केस

बाप गेला की आमच्याकडे मुलगा दहाव्याला नदीवर केस देतो. डोक्यावरचे सगळे, आणि मिशीसुद्धा. एरवी आम्ही केस कापतो, नीट कापले नाहीत म्हणून न्हाव्याशी हुज्जत घालतो, पण त्या दिवशी ते द्यायचे असतात.

माझे आजोबा वारले तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. दहाव्याच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, नदीवरून घरी आले आणि मी त्यांना ओळखलंच नाही. मिशी नसलेला, टक्कल केलेला कुणी परका माणूस ओट्यावर बसून पाणी मागतोय असं वाटून मी आईच्या पदराआड रडत बसलो. आबांनी मला ओढून जवळ घेतलं आणि माझा हात धरून आपल्या डोक्यावरून फिरवला. हाताला खरखरीत लागलं तसं मला हसू आलं. पुढं कितीतरी दिवस ते पिंपळवंडीहून आळेफाट्याला निघाले की एसटीत लोक सरकून जागा द्यायचे. काय झालं म्हणून कुणी विचारायचं नाही. डोकं बघून कळायचंच. मग केस वाढत गेले, मिशी पुन्हा पीळ देण्याजोगी झाली आणि आमचं घर हळूहळू मोठ्यानं बोलायला लागलं.

मी अवसरी खुर्दच्या कॉलेजात इंजिनिअर झालो, काही वर्षं पुण्यात काढली आणि कामाच्या व्हिसावर अमेरिकेला गेलो. या व्हिसाचा कारभार घरी समजावून सांगताना माझ्या नाकीनऊ यायचे. तिथं राहायची परवानगी वेगळी आणि बाहेर जाऊन पुन्हा आत यायची परवानगी वेगळी. माझी राहायची परवानगी कंपनी वाढवत राहिली, पण पासपोर्टावरचा व्हिसा कधीच संपला होता. म्हणजे आत आहे तोवर आहे. एकदा देशाबाहेर पडलो की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन नवा व्हिसा मिळेपर्यंत परत पाऊल टाकायचं नाही. मुलाखतीच्या तारखा मिळत नव्हत्या. ओळखीतले काहीजण लग्नासाठी म्हणून गावी गेले आणि महिनोन्महिने तिथंच अडकले. माझी बायको आणि मुलगी माझ्याच व्हिसाच्या आधारावर तिथं राहत होत्या. मी अडकलो तर नोकरी जाणार आणि त्यांनाही गाशा गुंडाळावा लागणार, असा तो सगळा मामला होता.

शेवटच्या वर्षी आबांना चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला. मी व्हिडिओ कॉलवर म्हणायचो, येऊन जातो. ते लगेच विचारायचे, "शिक्का हाय का?" व्हिसाला ते शिक्काच म्हणत.

"नाही अजून."

"मग येऊ नको. मला काय झालंय? टोमॅटोला भाव न्हाई, तेवढंच दुखणं."

आणि फोनचा कॅमेरा वळवून मला गोठा दाखवायचे, म्हणजे त्यांचा चेहरा मला फार वेळ दिसायचा नाही. मला राग यायचा. त्यांच्यावर, त्या शिक्क्यावर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. तरी मी तारखेची वाट बघत राहिलो.

एक दिवस फोन आईचा आला नाही, चुलतभावाचा आला. तो आमच्या शेजारच्याच घरात राहतो, नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेणारी पिकअप चालवतो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आबा गेलं. तू निघ. आता कशाचा विचार करू नको." मी निघालो. पण आमच्याकडे बर्फाची पेटी आणून दोन दोन दिवस मयत ठेवायची रीत नाही, आणि आईनंच सांगितलं, त्यांना ताटकळत ठेवू नका. मी विमानात असताना चुलतभावानं अग्नी दिला.

घरी पोचलो तेव्हा आई बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या गळ्यात पडलो. ती रडली, मी रडलो, बायकांनी सूर धरला. जरा शांत झाल्यावर तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "शिक्का हाय का रं?"

नव्हता. घरात मृत्यू झाला म्हणून मुलाखतीची तारीख लवकर मिळाली होती, तिकडून बायकोनं खटपट करून मिळवली होती. आधी एक दिवस मुंबईला जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, आणि दहावं झाल्यावर दोन दिवसांनी मुलाखत. सुतकात घर सोडून चाललो म्हणून चुलती नाराज झाली. तरी मी माळशेज घाटानं मुंबईला गेलो, ठसे दिले, फोटो दिला. फोटोत माझे भरगच्च केस होते आणि आबांच्या वळणाची मिशी होती. तेव्हा डोक्यात काही आलं नाही.

घरी आल्यावर ते माझ्या नव्हे, चुलतभावाच्या डोक्यात आलं. "भाऊ, फोटोत केस हायेत आन मुलाखतीला टक्कल. चालतंय का?"

झालं, घरभर तोच विषय. नारायणगावात पासपोर्ट-व्हिसाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला ठामपणे म्हणाला, चेहरा जुळला पाहिजे, नाहीतर सरळ बाजूला काढतात. मंचरच्या कुठल्याशा पावण्यांच्या जावयाला म्हणे नुसत्या दाढीवरून थांबवलं होतं. तो जावई कुणी पाहिलेला नव्हता, पण त्याची दाढी प्रत्येकाच्या तोंडी होती. इंटरनेटवर बघितलं तर एकजण सांगत होता काही होत नाही, दुसरा सांगत होता नव्यानं फोटो मागतात आणि तारीख हुकते. थोरले चुलते एकदाच बोलले. "एकुलता एक पोरगा. त्यानं केस न्हाई द्यायचं तर मग कुणी?" आणि तंबाखू मळत बाहेर गेले.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आबांना मी शेवटचं पाणी पाजलं नव्हतं. खांदा दिला नव्हता, अग्नी दिला नव्हता. त्यांचं एक वर्षाचं आजारपण मी फोनच्या पडद्यावर बघितलं होतं, तेही गोठ्यासकट. माझ्याकडे द्यायला आता केस तेवढे उरले होते, आणि ते मी देणार होतो. व्हिसा जायचा तर जाऊ दे, असं मी त्या वेळी खरोखर म्हटलं. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला योग्य वाटेल ते कर." पाठीमागून मुलगी विचारत होती, बाबा कधी येणार.

दहाव्याला कुकडीच्या घाटावर माणूस मावत नव्हतं. आमच्या भागात लग्नाला एकवेळ जाणार नाहीत, पण दहाव्याला जातात. मांडव, स्पीकर, महाराजांचं प्रवचन, आणि हात मागे बांधून उभे राहिलेले पुढारी. राजुरीहून आलेल्या एका पुढाऱ्यानं श्रद्धांजलीत आबांना सहकाराचा आधारवड म्हटलं. आबा रोज सकाळी डेअरीत दुधाचं कॅन घालायला जात, एवढाच त्यांचा सहकार. त्यांनी हे ऐकलं असतं तर मिशीतल्या मिशीत हसले असते. मला तिथंही क्षणभर हसू आलं.

न्हाव्यानं घाटाच्या पायरीवर पोतं अंथरलं होतं. मी अंगातला शर्ट काढून त्याच्यासमोर बसलो. त्यानं हातानं पाणी घेऊन माझं डोकं भिजवलं, वस्तऱ्याला नवं पातं लावलं. इतक्यात बायकांच्या बाजूनं गलबला ऐकू आला. आई उठून येत होती. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई, भर माणसांतून, पुढारी आणि महाराज यांच्यामधून चालत पायरीपर्यंत आली. स्पीकरवर बोलणारा माणूसही थांबला. तिनं न्हाव्याचा हात मनगटापाशी धरला.

"याचं केस घेऊ नका भाऊ. याला जायाचंय."

"आई, राहू दे," मी म्हणालो. "मला द्यायचेत."

"मला म्हाईत हाय तुला द्यायचेत." तिनं माझ्या ओल्या डोक्यावर पदर टाकला आणि खसाखसा पुसलं, लहानपणी नदीवर आंघोळ घातल्यावर पुसायची तसं. "ऊठ."

थोरले चुलते काहीतरी बोलायला पुढं झाले. आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते तिथंच थांबले. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, आणि आता तोच पदर माझ्या डोक्यावर होता. मी उठलो. माझ्या जागी चुलतभाऊ येऊन बसला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, मान खाली घातली. अग्नी त्यानं दिला होता, केसही त्यानंच दिले. मी पिंड मांडले, पण माझं लक्ष पायरीवरून पाण्याकडे सरकणाऱ्या त्या काळ्या पुंजक्यांवर होतं.

मग पाहुण्यांनी आम्हा दोघांना दुखवट्याच्या टोप्या घातल्या. त्या टोप्या भादरलेल्या डोक्यासाठी असतात. चुलतभावाच्या डोक्यावर त्या नीट बसल्या. माझ्या केसांवर वरच्या वर राहायच्या, आणि घालणारा प्रत्येकजण माझ्याकडे न बघता पुढं सरकायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात धार काढत होती. मी बाजूला जाऊन उभा राहिलो. मी रागावलो होतो आणि तो राग तिला दिसावा असंही मला वाटत होतं. ती गाईच्या पोटाला डोकं लावून धार काढता काढताच बोलली.

"इतकी वर्सं मी तुला म्हणत आले, ये म्हणून. म्हणत व्हते का न्हाई?"

"म्हणत होतीस."

"आन ते म्हणायचे, नको येऊ. शेवटल्या आठवड्यात त्यांना लई वाटत व्हतं तुला बघावं. मी म्हणलं, लावते फोन, बोलावते. तर म्हणले, शिक्का नसताना आला तर पोराचं तिकडलं सगळं बुडंल. मला बघून त्याला काय मिळणार हाय? फोन माझ्या हातातून काढून घेतला त्यांनी." बादलीत धार पडत होती. "तुझ्या शिक्क्यापायी त्यांनी तुला न बघता डोळं मिटलं. आता तू केसांपायी त्योच घालवला असतास, तर त्यांनी मग कशासाठी सोसलं?"

तिला मी हवा होतो. आबा गेल्यावर त्या घरात ती एकटी राहणार होती, आणि माझा व्हिसा नाकारला गेला असता तर मी तिच्याजवळ राहिलो असतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी तिनंच न्हाव्याचा हात धरला. मी गाईपलीकडे जाऊन कडब्याच्या पेंढीवर बसलो आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडलो. ती धार काढत राहिली.

मुलाखतीत काचेपलीकडच्या बाईनं विचारलं, काम काय करता, कुठल्या कंपनीत. दोन्ही वेळा ती संगणकाकडे बघत होती. मग म्हणाली, व्हिसा मंजूर आहे. माझं डोकं कसं आहे ते तिनं पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पासपोर्ट हातात यायला आणखी काही दिवस गेले. तेरावं झालं. मी निघालो तेव्हा चुलतभाऊ मला पोचवायला आला. त्याच्या डोक्यावर बारीक खुंट दिसायला लागले होते. वाटेत ओतूरला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं त्याच्या डोक्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "वडील का?" चुलतभाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याचे वडील तर घरी धडधाकट होते. मग "चुलते," असं म्हणाला. त्या माणसानं त्याच्या चहाचे पैसे घेतले नाहीत. माझे घेतले.

तिकडच्या विमानतळावर रांगेनं पुढं सरकत काउंटरपाशी आलो. खिडकीत उतारवयाचा अधिकारी होता, आवाज मवाळ. त्यानं पासपोर्ट उघडला, नवा व्हिसा बघितला, फोटो बघितला, मला बघितलं. चेहरा जुळत होता. अगदी तंतोतंत जुळत होता.

"भारतात कशासाठी गेला होता?"

"वडील वारले."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. त्याच्या खिडकीसमोरून इतक्या वर्षांत बाप गेलेली, डोकं भादरलेली आमची कितीतरी माणसं गेली असणार. पासपोर्ट परत देता देता त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. मग सहज, ओळख दाखवावी तसं, त्यानं विचारलं, "मोठे भाऊ आहेत वाटतं?"

मी म्हणालो, "नाही. मी एकटाच."

त्यानं पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि पुढच्याला बोलावलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून मी घरी फोन लावला. आईनं पहिल्याच घंटेला उचलला.

"अडवलं न्हाई ना रं कुणी?"

"नाही."

"ओळखलं ना नीट?"

"ओळखलं," मी म्हणालो.

"मग केस ऱ्हायले ते बरंच झालं बघ," ती म्हणाली. तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा वाटत होता.

"हो आई," मी म्हणालो, "बरंच झालं."